नववी प्रदक्षिणा

मद्रास, २९ मार्च १९६२

प्राणेशराव यांस,

हे पत्र तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे, बोलावण्यासाठी नव्हे. उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुमचे अण्णा तेरा दिवस झाले इथल्या मोठ्या इस्पितळात आहेत. तुम्ही त्या रविवारी पेटी उचलून गेलात. त्यानंतर नऊ दिवस ते शाळेला गेले, गणिताचे तास घेतले, कोणाला काही दिसलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी सदऱ्याचं बटण लागेना. मी म्हटलं, लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर आता बटणंही मीच लावू का? तर हसले नाहीत. दुपारी फळ्यावर वर्तुळ काढता काढता हातातला खडू पडला, तो उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मुलांनी आणि शिपायानं घोड्याच्या जटक्यात घालून घरी आणलं. उजवा पाय ओढत होता. माझ्याकडे बघून मला 'आई' म्हणाले.

तंजावरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती धरून पाहिलं आणि म्हणाले, बाई, वेळ घालवू नका, मद्रास गाठा. इथे मानेच्या नसेत औषध भरून डोक्याचे फोटो काढले. डाव्या बाजूला, कवटीच्या आत आणि मेंदूच्या वर, रक्त साठलं होतं. त्यानं मेंदू बाजूला सारला होता. सतरा तारखेला कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं. भोकं लहानच, करंगळी जाईल एवढी. मी बाहेर बाकावर बसून होते.

डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला कधी मार लागला होता? मी चार मार्चची तारीख सांगितली. पडले, एवढंच म्हटलं. कोणी ढकललं ते सांगितलं असतं तर पोलिसांचा कागद झाला असता.

डॉक्टरांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. डोकं आपटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ज्या खांद्यावर बसून लहानपणी रथ पाहिलात, तोच खांदा धरून तुम्ही त्यांना ऊंजलाच्या साखळीवर लोटलंत. ते काय बोलले ते मीही ऐकलं. बोलले असतील. मोठा भाऊ बोलतो. त्याला झोपाळ्याच्या साखळीवर कोणी ढकलत नाही.

आता पाणी मागतात. मला ओळखतात. एवढंच कळवायचं होतं.

कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे, सांभाळून वाचा.

नागलक्ष्मी

तंजावर, २४ जून १९६२

चिरंजीव प्राणेश यास आशीर्वाद.

तुम्ही-तुम्ही लिहून हात अवघडला. मी ह्या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. शेजारच्या तमिळ मुलांचं ऐकून वहिनी न म्हणता 'मन्नी, मन्नी' करत माझ्या मागे फिरायचास. बाळबोध अक्षरं तुझ्याकडून मी गिरवून घेतली, म्हणून आज तुला हे वाचता येतं आहे. राग आहे तो आहे, पण लिहिताना तू म्हणेन.

तुझं पत्र मिळालं. सबंध कागदावर दोनच प्रश्न. डॉक्टर नक्की काय म्हणाले? त्या दिवशीच्या मारानंच झालं, असं म्हणाले का?

डॉक्टर म्हणाले, मारानं झालं. आणखी काय म्हणणार?

मध्येच उठून आले. दूध उतू जात होतं.

एप्रिलात घरी आणलं तेव्हा तीन आठवडे फार चांगले गेले. सकाळी संध्या करायचे, दुपारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करायचे. मग पुन्हा डोकं धरू लागले. जेवता जेवता झोपायचे, हातातला घास हातातच. एक दिवस सकाळपासून ओकाऱ्या. पुन्हा मद्रास. रक्त परत भरलं होतं. ह्या वेळी भोकांनी भागलं नाही, डब्याचं झाकण काढावं तसं हाड कापून काढलं, आतली पिशवी सोलून काढली आणि हाड परत बसवून तारेनं बांधलं. चार तास लागले. मी लक्ष्मी-अष्टोत्तर म्हणत होते, कितीदा म्हटलं ते कळलं नाही. मोजायला विसरले असं माझं कधी होत नाही.

मेंदू वाचला, पण आता झटके येतात. पहिला घरी आला, आंघोळीनंतर. मी तोंडात चमचा घालायला धावले होते. नंतर मद्रासच्या नर्सबाईंनी सांगितलं, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. थांबायचं. तुला ठाऊक आहे, मला थांबणं जमत नाही. घड्याळाकडे बघायचं सुचत नाही म्हणून रामनाम मोजते. कधी चाळीस होतात, कधी साठ. माझी हिशेबाची वही उलटी करून मागल्या पानापासून झटके लिहिते, तारीख आणि नामं. डॉक्टरांना ती वही फार आवडली. म्हणाले, आमच्या पोरांनाही असं लिहायला शिकवा. गोळ्या वाढवल्या आहेत. गोळ्यांनी गुंगी येते.

शब्द हरवतात. कॉफीला पाणी म्हणतात, पंचांगाला छत्री म्हणतात आणि चुकलं हे त्यांचं त्यांना कळतं. मग डोळ्यांत पाणी येतं. पाढे मात्र येतात. एकोणीसचा पाढा थेट दहापर्यंत म्हणून दाखवला काल, आणि मग मला विचारलं, "ह्याला... हे जे म्हटलं, ह्याला काय म्हणतात?"

शाळेनं अर्ध्या पगाराची रजा दिली आहे. तू काही पाठवू नकोस. पाठवलंस तर परत करीन.

तुझी वहिनी

तंजावर, ११ नोव्हेंबर १९६२

चि. प्राणेश यास आशीर्वाद.

चीनच्या लढाईमुळे जबलपूरच्या कारखान्यात सगळ्यांच्या रजा बंद आहेत असं लिहिलंस. असतील. पेपरात मीही वाचते. पण ऑगस्टात लढाई नव्हती.

ऑगस्टात टाक्यांची जागा सुजली. आधी लाल, मग पू. पुन्हा तीच गाडी, तोच बाक. ते बसवलेलं हाड आतून नासलं होतं, ते कायमचं काढून टाकावं लागलं. आता डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा मऊ आहे. आत खड्डा पडतो, खोकले की वर येते. झोपले असताना पाहिलं तर हळूहळू उडते, तान्ह्या मुलाची टाळू उडते तशी. आपल्या घरात तान्हं मूल कधी खेळलं नाही. टाळू जपायची वेळ मला आता आली.

डॉक्टर म्हणाले, तिथे आता फक्त कातडी आहे. दार लागलं, फांदी लागली तरी थेट मेंदूला लागेल. झटका येऊन पडले तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सहा महिने जखम शांत राहू दे, मग वर पत्रा बसवू म्हणाले.

तोवर काय करायचं? मागल्या गल्लीत वीणा करणारे आसारी आहेत ना, त्यांच्याकडे मी अर्धी करवंटी घेऊन गेले. त्यांनी घरी येऊन दोऱ्यानं डोकं मापलं. आठ दिवस घासून करवंटी अशी गुळगुळीत केली की पैसे विचारायला मला लाज वाटली. आत कापूस, वरून मलमल. त्यावर पागोटं बांधलं की काही दिसत नाही. आसारी म्हणाले, "अम्मा, वीणेच्या भोपळ्यालासुद्धा मी एवढा वेळ दिला नव्हता. सर आता वाजतील." हे हसले. मार्चनंतर मोठ्यानं हसले ते तेव्हा.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी तीनदा बसले आणि तीनदा उठले.

ह्यांना काही आठवत नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून पुढचं, इस्पितळापर्यंतचं, सगळं पुसलं गेलं आहे. तू आला होतास हे आठवत नाही. भांडण आठवत नाही. स्वतः काय बोलले ते आठवत नाही. शेवटचं आठवतं ते तुझ्या विषमज्वराची जबलपूरहून आलेली तार. त्यांच्या लेखी तू अजून आजारीच आहेस. रोज चार वाजता ऊंजलाच्या एका टोकाला बसतात, दुसरं टोक मोकळं ठेवतात आणि मला दोन बोटं दाखवतात. दोन डबरे कॉफी, दोघांना एकेक पितळी वाटी. "प्राणेश?" विचारतात. मी म्हणते, जबलपूरला आहे. "ताप?" मी म्हणते, उतरला, केव्हाच उतरला. मग देवघराकडे वळून हात जोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ताप?"

दुसरा डबरा मी पिते. वाया कशाला घालवायचा? पण मला इतकं गोड चालत नाही, तू फार साखर घेतोस.

तोंड दाखवायला जागा नाही असं लिहितोस. ज्याला दाखवायचं त्याला काही आठवतच नाही. मग अडचण कुठे आहे?

वहिनी

तंजावर, १३ जानेवारी १९६३

चि. प्राणेश यास आशीर्वाद.

आज भोगी. नवी मडकी आणली, जुनी चटई जाळली. मन लागत नाही म्हणून पत्र आधी, सण मागाहून.

मद्रासहून पत्र आलं. मंगळवार, २६ फेब्रुवारी. त्या दिवशी डोक्याच्या खड्ड्यावर पत्रा बसवतील. चोवीसला भरती व्हायचं. जागा गेली तर पुन्हा उन्हाळ्यानंतर, असं स्पष्ट लिहिलं आहे.

ह्यांना वाचून दाखवलं. नाही म्हणाले. मी समजावलं. नाही. शाळेचे हेडमास्तर येऊन सांगून गेले, त्यांना हात जोडले आणि नाही म्हणाले. शेवटी मीच विचारलं, का नाही? कितीतरी वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "प्राणेश येऊ दे. त्याला विचारून."

बळजबरी करता येत नाही. डोकं तासायला न्हावी बसला की मान काढून घेतात, ऑगस्टात चौघांनी धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं पुन्हा करायचं नाही, ओढाताणीत झटका आला तर टेबलावर जड जाईल.

म्हणून लिहिते. झालं गेलं. मी मनात काही ठेवलेलं नाही. तुझ्या हातून रागाच्या भरात जे घडलं त्याची मी तुला क्षमा केली आहे, देवापुढे दिवा लावून केली आहे. आता ये.

वहिनी

तंजावर, १० फेब्रुवारी १९६३

प्राणेश,

तुझं पत्र काल आलं. नागपूरच्या मुलीच्या वडिलांना तू नकार कळवलास. ज्या हातानं अण्णांचं डोकं फोडलं त्या हातात कुणाच्या मुलीचा हात घेणार नाही, असं लिहिलंस. आणि मी क्षमा केली हे वाचून तर तुला आता घरी येणं जन्मात जमणार नाही.

मी ते पत्र पाचदा वाचलं. मग देवघरात गेले, आणि प्राणेश, मला तिथे बसवेना.

आधी ह्या आठवड्यातली गोष्ट सांगते, कारण तीच घाईची आहे. बुधवारी सकाळी ह्यांना विहिरीपाशी झटका आला. मी दोरी ओढत होते, हात मोकळा व्हायच्या आत ते कठड्यावर पडले, डाव्या अंगावर. आसाऱ्यांची करवंटी मधोमध फुटली. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. दोन तुकडे मी ठेवले आहेत. करवंटी होती म्हणून वाचले, दुसऱ्यांदा वाचतीलच असं मी म्हणणार नाही. मंगळवार, सव्वीस तारीख. आता खरं लिहिते.

तू आजारी पडलास तेव्हा, त्या दिवाळीत, मी नवस बोलले होते. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर देवीचं ते जुनं देऊळ आहे, तिथे. प्राणेश बरा झाला तर अकरा अंगप्रदक्षिणा. मी घालीन म्हणाले नाही. हे घालतील म्हणाले. आपल्या घरच्या बायका ओल्या लुगड्यानं चारचौघांत लोळत नाहीत, असा माझा तोरा. बोलले मी, लोळले ते. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. "प्राणेशसाठी ना, मग झालं," एवढंच म्हणाले.

एकोणीस जानेवारी, शुक्रवार. पहाटे विहिरीवर अंगावर पाणी घेतलं, ओल्या धोतरानं देवळाच्या दगडी फरशीवर आडवे झाले आणि लोळायला लागले. हात डोक्यावर जोडलेले, डोळे मिटलेले. लोळणाऱ्याला दिशा कळत नाही. कोणीतरी बाजूनं चालायचं, खांद्याला हात लावून वळवत न्यायचं, खांब आला की थांबवायचं. ते काम माझं होतं. आठ प्रदक्षिणा मी डोळ्यांत तेल घालून वळवल्या.

नवव्या प्रदक्षिणेत मला दिसलं की विहिरीच्या काठावरची माझी तांब्याची कळशी एक बाई उचलून चालली आहे. माझ्या माहेरची कळशी. मी धावले. दहा पावलं असतील. "ती माझी आहे," म्हणून हातातून घेतली. बाईची चूक झाली होती, तिची कळशी पलीकडे होती. मी तिला दोन शब्द ऐकवले. आणि मागून आवाज आला.

ध्वजस्तंभाच्या ओट्याचा कोपरा. डावी बाजू. माझ्या कानात जो आवाज आहे म्हणून मी तुला लिहिलं, तो हा आवाज. तुझ्या वेळचा नव्हे. तू लोटलंस तेव्हा ते झोपाळ्याच्या फळीवर बसले, साखळी खांद्याला घासली. मी दारात उभी होते, सगळं पाहिलं. आवाज झालाच नव्हता.

देवळात उठून बसले, डोकं चोळलं, हसले. "कळशीसाठी नवरा सोडलास," म्हणाले. उरलेल्या प्रदक्षिणा पुऱ्या केल्या. बैलगाडीत मला सांगितलं, कोणाला बोलू नकोस, नवसात विघ्न आलं असं लोक म्हणतील, आणि प्राणेशला कळलं तर उगाच मनाला लावून घेईल. मी वहीत त्या तारखेला सुंठ आणि खोबरेल लिहिलं. कशासाठी ते लिहिलं नाही.

फेब्रुवारीत माणूस बदलला. आमटीत मीठ कमी म्हणून ताट ढकललं. बावीस वर्षांत ताट ढकललेलं मी पाहिलं नव्हतं. शाळेत एका मुलाच्या थोबाडीत मारली, त्याचा बाप घरी आला होता. पहाटे उठले की कपाळ दाबून बसायचे. मी म्हटलं, चष्मा बदला. मग तू रजेवर आलास. तू भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलंस, एवढ्यावरून ते तुला म्हणाले, वीस वर्षं माझं खाल्लंस, तू माझ्या बापाचा नाहीस, आईच्या श्राद्धाला तोंड दाखवू नकोस. काठी उचलली. तू लोटलंस ते काठी चुकवायला. मी पाहिलं आहे. तुला त्यांनी कधी 'अरे' म्हणून हाक मारली नव्हती, प्राणेश. ते बोलणं त्यांचं नव्हतं. तेव्हा सहा आठवडे ते रक्त आत साठत होतं.

हे मी कुठून शिकले? सतरा मार्चला मोठे डॉक्टर बाहेर आले आणि बाकापाशी उभं राहून मला म्हणाले, "अम्मा, आत रक्त नव्हतंच म्हणा. मोटारीतून काढलेल्या तेलासारखं काळं पाणी होतं, त्याभोवती जाड पिशवी धरलेली. तेरा दिवसांत अशी पिशवी होत नाही. हा मार दीड-दोन महिन्यांपूर्वीचा आहे. त्याआधी कधी पडले होते का?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी विचारलं, "स्वभावात फरक? चिडचिड, भांडण?"

मी नाही म्हणाले.

बारा दिवसांनी तुला पहिलं पत्र लिहिलं. सगळं ठाऊक असून लिहिलं. का, ते तू विचारशील. मी वर्षभर रोज स्वतःला विचारते आहे. मला दोष ठेवायला जागा हवी होती. तू लांब होतास, परत बोलणार नव्हतास, आणि तू खरंच हात लावला होतास. मी फक्त दहा पावलं गेले होते. देवीचा ह्यात काही दोष नाही. तिनं मागितलं नव्हतं. तू बरा झालास, तिनं तिचं केलं. वळवायचं काम माझ्याकडे होतं. आणि वर मी तुला क्षमा केली. ते वाक्य तेवढं खोडून टाक.

उद्या डॉक्टरांनाही हे सगळं लिहून टपालात टाकते. त्यांच्या कागदावर चुकीची तारीख आहे.

इथवर लिहिलं आणि हे ऊंजलावरून उठून आले. चार वाजून गेले होते, कॉफी झाली नव्हती. कागदाकडे बोट करून "काय?" म्हणाले. ह्यांचं शिक्षण तमिळ-इंग्रजीत, बाळबोध वाचता येत नाही, वर्षभर मी त्यांच्यासमोर बसून खोटं लिहिलं ते त्यामुळेच. खाजगी आहे म्हणता आलं असतं. मी त्यांना बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. सगळं. ताट, थोबाडीत, श्राद्ध, काठी. मध्ये एकदा त्यांनी डाव्या बाजूला पागोट्यावर हात ठेवला. मी थांबले, तर वाच म्हणून खूण केली.

वाचून झालं. झोपाळ्याची कडी वाजत होती. शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले. आता मला थोडं जमतं.

मग म्हणाले, "कळशी मिळाली?"

मी म्हटलं, मिळाली. माळ्यावर टाकली आहे, त्या दिवसापासून वापरली नाही.

"काढ," म्हणाले. मग दोन बोटं दाखवली, आणि मग कागदावर बोट ठेवून, "प्राणेशला... काठी. माझी चूक. लिही."

लिहिलं.

नागलक्ष्मी

मद्रास, २६ फेब्रुवारी १९६३, दुपार

प्राणेश,

पुरुषांच्या खोलीत बाईमाणसाला बसू देत नाहीत म्हणून वॉर्डबॉयच्या हाती ही चिठ्ठी. मी खाली त्याच बाकावर आहे. सकाळी न्हाव्यापुढे तू त्यांचा हात धरून बसलास आणि मान हलली नाही, ते मी दारातून पाहिलं.

पट्टीला हात लावू नकोस. उजव्या कुशीवरच ठेव. अंग ताठ व्हायला लागलं तर तोंडात काही घालू नकोस, नाम मोज, साठच्या पुढे गेलं तर नर्सला हाक मार. गुंगीतून जागे होताना काही वेडंवाकडं बोलले तर उठून जाऊ नकोस. बसून राहा. कळशीत पाणी भरून पाठवलं आहे, शुद्ध आल्यावर नर्स म्हणेल तेव्हाच ओठ ओले कर. डॉक्टर म्हणाले, पत्रा नीट बसला, आत रक्त नाही. पण हे त्यांनी धावत धावत सांगितलं, माझा विश्वास बसत नाही.

डोळे उघडून पहिल्यांदा काय म्हणतात ते मला लिहून पाठव. चांगलं असो, वाईट असो, जसं म्हणतील तसं. त्यासाठी ह्या कागदाची मागली बाजू कोरी ठेवली आहे.

मन्नी